तिसरा परिच्छेद मशीनला देऊ नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते, पण विषयच असा आहे की दोन ओळींत उरकला तर भलताच अर्थ निघेल. विद्यापीठातल्या नोकरीसाठी, म्हणजे असिस्टंट प्रोफेसर, लेक्चरर, पोस्टडॉक (पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधनाची नोकरी) असल्या जागांसाठी अर्ज करणारे तरुण संशोधक आता अर्जाची सगळी कागदपत्रं मशीनकडून बनवून घ्यायला लागलेत. प्रत्येक विद्यापीठासाठी वेगळं कव्हर लेटर (अर्जासोबतचं पत्र), वेगळं रिसर्च स्टेटमेंट (काय संशोधन केलं आणि पुढे काय करणार याचं टिपण), सगळं एका बटणावर. यावर दोनच मतं ऐकू येतात. एक, ही सरळसरळ लबाडी आहे. दुसरं, आता असंच चालणार, तुम्हीही शिकून घ्या. मला दोन्ही पटत नाहीत. मी असे अर्ज दोन वर्षं पाठवलेत आणि नंतर निवड समितीत बसून दुसऱ्यांचे वाचलेतही, म्हणून लिहायचं धाडस करतेय.

ज्यांच्या घरात कुणी या वाटेला गेलेलं नाही त्यांना वाटतं की अर्ज म्हणजे एक सीव्ही आणि एक पत्र. तसं नाहीये. एका जागेसाठी सीव्ही, कव्हर लेटर, रिसर्च स्टेटमेंट, टीचिंग स्टेटमेंट (आपण कसं शिकवतो याचं टिपण), दोन-तीन निवडक पेपर आणि वर तीन किंवा जास्त लोकांची शिफारसपत्रं लागतात. बरं, हे सगळीकडे सारखं असतं तर प्रश्न नव्हता. एका ठिकाणी रिसर्च स्टेटमेंट दोन पानांचं हवं, दुसरीकडे पाच पानांचं, तिसरीकडे संशोधन आणि अध्यापन मिळून तीन पानं, चौथीकडे सगळ्याची एकच पीडीएफ आणि तीही अमुक एमबीच्या आत. अमेरिकेत बरीच विद्यापीठं डायव्हर्सिटी स्टेटमेंट नावाचा (वेगवेगळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना सामावून घेण्यासाठी आपण काय करतो ते सांगणारा) आणखी एक कागद मागायची, त्यातल्या एमआयटीने तो मे २०२४ मध्ये बंद केला, हार्वर्डच्या कला आणि विज्ञान विभागाने त्याच वर्षी जूनमध्ये, काही ठिकाणी तो नंतरही चालू राहिला, म्हणजे मागच्या वर्षीची यादी यंदा चालेल याचाही भरवसा नाही. आणि यातला प्रत्येक कागद त्या त्या विभागाला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेला असावा अशी अपेक्षा असते. जाहिरातीत तसं लिहिलेलं नसतं, पण असते.

आता असे किती अर्ज करावे लागतात? २०२० साली ईलाइफ या जर्नलमध्ये एक सर्वेक्षण आलं होतं, २०१८-१९ च्या सीझनमध्ये प्राध्यापकपदासाठी अर्ज केलेल्या ३१७ जणांचं. त्यांनी मिळून ७,६४४ अर्ज केले होते. मध्यक १५, म्हणजे साधारण निम्म्यांनी पंधरा किंवा त्याहून कमी केले होते, पण सरासरी काढली तर माणशी २४ येते, कारण काहींनी खूपच जास्त केले होते. मी पहिल्या वर्षी २३ केले. प्रत्येकाला कमीत कमी पाच तास गेले, म्हणजे ११५ तास, आठ तासांचा दिवस धरला तर चौदा दिवस. आणि हे चौदा दिवस सलग नव्हते, प्रयोग संपवून, पेपरच्या दुरुस्त्या करून, रात्री उरलेल्या वेळातले होते. ते उरलेल्या वेळात केलेलं काम कसं असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल.

त्या वर्षीची एक चूक मला अजून टोचते. एका विभागाचं पत्र मी आधीच्या पत्रावरून कॉपी केलं आणि विद्यापीठाचं नाव बदललं. पाच ठिकाणी बदलायचं होतं, मी चार ठिकाणी बदललं. पाचवं शेवटच्या परिच्छेदात होतं, "तुमच्या विभागात काम करायला मिळालं तर" या वाक्यात, आणि तिथे दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव राहिलं. पोर्टलवर सबमिट केल्यावर दहा मिनिटांनी दिसलं. पोर्टल बंद झालं होतं. त्या जागेसाठी मी तीन दिवस त्यांचे पेपर वाचले होते, तिथे मला मनापासून जायचं होतं, आणि वाचणाऱ्याने तो शेवटचा परिच्छेद पाहून काय समजून घेतलं असेल याचा विचार करून मी आठवडाभर नीट झोपले नाही. उत्तर आलंच नाही, त्यामुळे नकार त्या एका नावामुळे होता की कशामुळे, हे कधी कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की असल्या चुका माझ्या हातून होणारच नाहीत अशी व्यवस्था करायची. इथे जरा तपशिलात जाते, कारण ऑटोमेशन म्हटलं की हल्ली सगळ्यांच्या डोक्यात फक्त चॅटबॉट येतो. मी केलं ते त्याच्या कितीतरी आधीचं, जुनं तंत्र आहे. ऑफिसात मेल मर्ज म्हणून जे करतात, म्हणजे एकाच पत्रात वेगवेगळी नावं-पत्ते आपोआप भरणं, त्याचाच भाऊ. एक स्प्रेडशीट केली, एका जागेला एक ओळ. रकाने असे होते: विद्यापीठाचं अधिकृत नाव, विभागाचं नाव, पदाचं जाहिरातीत आहे तसं नाव, पत्र कुणाच्या नावाने, पत्ता, डेडलाइन आणि ती कुठल्या टाइम झोनची (हे फार महत्त्वाचं, रात्री ११:५९ म्हणजे कुठली रात्र ते जाहिरातीत कित्येकदा नीट नसतं), कुठली कागदपत्रं, प्रत्येकाची पानमर्यादा, शिफारसपत्रं आत्ता की नंतर. पत्राचा साचा लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरातून नीट मांडलेली पानं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लिहिला, नावं जिथे यायची तिथे रिकामी खूण ठेवली आणि एक छोटी पायथन स्क्रिप्ट (म्हणजे छोटासा प्रोग्रॅम) लिहिली जी ओळ वाचून खुणा भरायची, पीडीएफ बनवायची आणि लागतील तशा फायली जोडायची. डोनाल्ड नुथ यांनी टेक या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअरवर काम सुरू केलं ते १९७० च्या दशकात, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी त्यावर लाटेक रचलं १९८० च्या दशकात, आणि कुठली फाइल बदलली की कुठली पुन्हा बनवायची हे सांभाळणारं मेक तर १९७६ चं आहे, बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिलेलं. ज्यांना लाटेक येत नाही त्यांनी मार्कडाउनमध्ये (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत) लिहून पॅनडॉकने फाइल काढली तरी हेच होतं, जॉन मॅकफार्लेन यांचं ते सॉफ्टवेअर २००६ पासून फुकट मिळतं. म्हणजे यातलं काहीच नवीन नाही, आणि यातलं काहीच माझ्या वतीने एकही वाक्य लिहीत नाही.

खरी किंमत भरण्यात नव्हती, तपासण्यात होती. स्क्रिप्ट पीडीएफ द्यायच्या आधी बघायची की एखादी खूण रिकामी राहिली का, पानं मर्यादेत आहेत का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, या पत्रात यादीतल्या दुसऱ्या कुठल्या विद्यापीठाचं नाव सापडतंय का. सापडलं की थांबायची, पीडीएफ द्यायचीच नाही. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा थांबली. लहानसहान भानगडी झाल्याच, विभागाच्या नावात "फिजिक्स अँड अ‍ॅस्ट्रॉनॉमी" मधला "अँड" चिन्हाने लिहिलेला असला की लाटेक अडायचं कारण ते चिन्ह त्याच्या लेखी रकाने वेगळे करायचं असतं, परदेशी नावांतल्या अक्षरांवरच्या टिंबं-मात्रांसारख्या खुणा उडून जायच्या आणि ज्या माणसाला पत्र लिहितोय त्याचंच नाव चुकीचं छापलं जायचं. पण एकदा निस्तरलं की कायमचं निस्तरलं, पुढच्या सगळ्या अर्जांत तीच चूक पुन्हा होत नव्हती. आणि कुणाला काय पाठवलं याची प्रत गिटमध्ये (फायलींच्या जुन्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) राहायची, त्यामुळे चार महिन्यांनी इंटरव्ह्यूचा फोन आला तेव्हा मी त्यांना नेमकं काय लिहिलं होतं ते माझ्या समोर होतं.

रिसर्च स्टेटमेंटचं जरा वेगळं. माझं काम फिजिक्स, केमिस्ट्री आणि मटेरियल सायन्स या तिन्हींच्या मधे पडतं, आणि तेच काम तीन विभागांना तीन तऱ्हेने सांगावं लागतं, केमिस्ट्रीवाल्यांना पदार्थ कसा बनवला यात रस, फिजिक्सवाल्यांना मोजमापात काय दिसलं यात. मी सुरुवातीच्या परिच्छेदाच्या तीन आवृत्त्या लिहून ठेवल्या, तीन-तीन दिवस घालून, आणि कुठली घ्यायची ते रकान्यात एका शब्दाने सांगायचं. निवड मशीन करायचं, लिखाण माझं होतं. यात मला आजही काही गैर वाटत नाही.

त्या वर्षी ३८ अर्ज केले. एकेकाला साधारण दोन तास गेले. पाचावरून दोनवर आले, पण त्या दोन तासांतले सव्वा ते दीड तास एकाच गोष्टीला जात होते, आणि तीच गोष्ट सांगायला मी हे पत्र लिहितेय.

कव्हर लेटरचा एक ठरलेला बांधा असतो. पहिल्या परिच्छेदात कुठल्या जागेसाठी लिहितोय आणि सध्या कुठे आहोत, दुसऱ्यात काय काम केलं, मग तिसऱ्यात मी तुमच्याच विभागात का, आणि शेवटी सोबत काय जोडलंय. पहिला मशीनने भरावा, शेवटचा भरावा, दुसरा आपण एकदा मन लावून लिहावा आणि वापरावा. तिसरा मात्र प्रत्येक वेळी हाताने. कारण तो लिहायचा तर आधी कळावं लागतं की तिथे काय आहे आणि काय नाही. त्यांचं कुठलं उपकरण माझ्या कामाचं आहे एवढंच नाही, तर ते वापरायला मिळतं का. कुठले विषय ते शिकवतात आणि कुठल्या विषयाला सध्या माणूस नाहीये, हे त्यांच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमांच्या याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं, एखादा कोर्स एका वर्षी आहे आणि पुढच्या वर्षी नाही, म्हणजे शिकवणारा गेला. जाहिरातीतला प्रत्येक शब्द कुणीतरी भांडून घातलेला असतो, "प्रायोगिक" असं लिहिलं असेल तर ते उगाच नसतं. छोट्या कॉलेजला अर्ज करताना मला लिहावं लागलं की पदवीचा मुलगा एका उन्हाळ्यात, महागडं उपकरण नसताना, माझ्या कामातला कुठला तुकडा पुरा करू शकेल. हे लिहिण्यासाठी मला दोन दिवस विचार करावा लागला आणि त्यातून एक प्रकल्प खरोखरच सुचला, जो मी पुढे केला. तिसरा परिच्छेद हा नुसता त्यांना पटवण्यासाठी नसतो हो, आपण तिथे जाऊन नेमकं काय करणार आहोत हे आपल्याला पहिल्यांदा तिथेच कळतं.

आता चॅटबॉटकडे येते. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर हा तिसरा परिच्छेदच लोकांनी पहिल्यांदा मशीनला दिला. साहजिक आहे, सगळ्यात जास्त वेळ खाणारा तोच. जाहिरात पेस्ट करायची, आपला सीव्ही पेस्ट करायचा, विभागाच्या वेबसाइटचा पत्ता द्यायचा, आणि सांगायचं की या विभागासाठी पत्र लिही. हेच ८० ओळींच्या स्प्रेडशीटला जोडलं की ८० "खास" पत्रं तयार.

मी मध्यंतरी एका निवड समितीवर होते, कुठल्या ते सांगत नाही. १४० च्या आसपास अर्ज माझ्या वाटणीला आले. पहिली वीस पत्रं मी अगदी बारकाईने वाचली आणि मग लक्षात यायला लागलं की तिसरा परिच्छेद सगळ्यांचा एकच आहे. शब्द वेगळे, हाडं तीच. आमच्या विभागाच्या आंतरशाखीय वातावरणाचं कौतुक, मग दोन प्राध्यापकांची नावं, मग एका केंद्राचं नाव, मग "तुमच्या ध्येयांशी माझं काम सुसंगत आहे". एकाने ज्यांच्यासोबत काम करायची उत्सुकता दाखवली होती ते निवृत्त होऊन बरेच दिवस झाले होते, फक्त वेबसाइटवर नाव राहिलं होतं. एकीने आमच्याकडचा एक कोर्स शिकवायला आवडेल म्हणून लिहिलं होतं आणि तसा कोर्स आमच्याकडे कधी नव्हताच. मला खात्री आहे की हे लोक खोटारडे नव्हते. सीव्ही चांगले होते. दमलेले होते, आणि मशीनने जे खरं वाटेल असं लिहिलं ते त्यांनी खरं आहे का म्हणून बघितलं नाही. ही मशीनं असंच करतात, पुढचा शब्द काय शोभेल ते त्यांना फार छान कळतं, पण तो कोर्स आहे की नाही हे तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासायचं काम अर्जदाराचं होतं.

पुढे जे झालं ते मला जास्त काळजीचं वाटतं. दुसऱ्या आठवड्यात समितीतल्या आम्ही सगळ्यांनीच, कुणी न ठरवता, पत्रं वाचणं सोडलं. सरळ सीव्ही उघडायचा. आणि सीव्हीत पहिल्या तीन ओळींत काय दिसतं? पीएचडी कुठून, कुणाच्या हाताखाली. इथेच घोडं पेंड खातं. २०२२ मध्ये नेचरमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, पीएचडी देणाऱ्या अमेरिकन विद्यापीठांतल्या प्राध्यापकांचा, त्यात दिसलं की अमेरिकेतच पीएचडी केलेल्या प्राध्यापकांपैकी ८० टक्के हे फक्त २०.४ टक्के विद्यापीठांतून आलेत. म्हणजे नावाचं वजन आधीच एवढं आहे. ज्याचा गाईड प्रसिद्ध नाही, ज्याची संस्था कुणी ऐकलेली नाही, त्याच्यासाठी कव्हर लेटर ही एकच जागा होती जिथे तो स्वतःच्या तोंडाने म्हणू शकत होता की मी तुमच्याकडे येऊन अमुक करीन आणि ते तुमच्याकडे आत्ता कुणी करत नाही. ती जागा सगळ्यांनी मिळून गुळगुळीत वाक्यांनी भरून टाकली तर वाचणारा नावाकडेच वळणार, आणि यात नुकसान नाव असलेल्यांचं होत नाही. मशीनमुळे सगळ्यांना समान संधी मिळेल असं जे म्हणतात त्यांनी हा हिशोब करून बघावा.

अर्थशास्त्राच्या लोकांना हे फार आधी कळलं होतं. त्यांच्याकडे अर्ज करणं सोपं आणि स्वस्त झालं, प्रत्येक जण ढिगाने अर्ज करायला लागला आणि विभागांना कळेना की यातल्या कुणाला खरोखर आपल्याकडे यायचंय. मग अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २००६ पासून एक सोय केली, प्रत्येक उमेदवाराने जास्तीत जास्त दोन विभागांना संघटनेमार्फत कळवायचं की मला तुमच्याकडे विशेष रस आहे. फक्त दोन. तिसरा सिग्नल नाही. ज्या समितीने हे सुचवलं तिचे अध्यक्ष आल्विन रॉथ होते, ज्यांना पुढे २०१२ मध्ये नोबेल मिळालं. दोनच असल्यामुळे त्याला अर्थ आहे. तिसऱ्या परिच्छेदालाही याच कारणाने अर्थ होता, त्याला वेळ लागायचा आणि वेळ कुणालाही शंभर ठिकाणी देता येत नाही.

मग मशीनने लिहिलेलं पकडा आणि फेका, असं कुणी म्हणेल. ते मला अजिबात मान्य नाही. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी मशीनचं लिखाण ओळखायचा दावा करणारे सात डिटेक्टर तपासले, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले, तर सरासरी ६१ टक्के निबंध मशीनचे म्हणून ठरवले गेले, जे माणसांनी लिहिले होते. अमेरिकन शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास सगळे बरोबर ओळखले. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं असलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. आपल्यासारख्यांनी शाळेत शिकलेलं, साधं, नेटकं इंग्रजी लिहिलं की ते या डिटेक्टरला मशीनचं वाटतं, त्यामुळे हे हत्यार कुणावर चालणार ते उघड आहे. उलट मी म्हणेन की स्वतः लिहिलेल्या पत्राचं व्याकरण मशीनकडून तपासून घेण्यात काही वाईट नाही, ज्यांच्या शेजारी इंग्रजी सुधारून देणारा मित्र बसलेला नसतो त्यांना ही मदत मिळायलाच हवी. विचार आपला असला, माहिती आपण तपासलेली असली, की "द" कुठे लावायचा हे कुणीही सांगू दे. फक्त एक, दुसऱ्याचं गोपनीय शिफारसपत्र किंवा न छापलेला डेटा चॅटबॉटच्या खिडकीत पेस्ट करू नका, तो आपला एकट्याचा नसतो.

पण नुसतं अर्जदारांना सांगून भागणार नाही, कारण हा ढिगारा त्यांनी निर्माण केलेला नाहीये. माझं खरं मागणं विभागांकडे आहे, आणि आपल्या वृत्तपत्राचे वाचक असलेले जे प्राध्यापक अशा समित्यांवर बसतात त्यांना मी हात जोडून सांगते. पहिल्या फेरीत सात कागद मागू नका. सीव्ही, दोन पानांचं पत्र, बास. उरलेलं ज्या दहा-पंधरा जणांना पुढे घ्यायचंय त्यांच्याकडून मागा. शिफारसपत्रं तर शॉर्टलिस्ट झाल्यावरच मागा, अनेक ठिकाणी असं करतातही, आणि तिथे काही बिघडलेलं दिसत नाही. आत्ता काय होतं, एका उमेदवाराच्या ४० अर्जांसाठी तीन शिक्षकांना ४०-४० पोर्टलवर पत्र चढवावं लागतं, त्यातली बहुतेक कुणी उघडतही नाही, आणि मग ते शिक्षकही एकच गुळमुळीत पत्र सगळीकडे देतात किंवा तेही मशीनला सांगतात. मॅथजॉब्स, अ‍ॅकॅडेमिक जॉब्स ऑनलाइन, इंटरफोलिओ अशा सेवांनी एकदा चढवलेलं पत्र अनेक ठिकाणी पाठवायची सोय केलीय, ती जिथे आहे तिथे मोठा दिलासा आहे. पण कित्येक विद्यापीठांचं स्वतःचं पोर्टल असतं, आणि त्यात सीव्ही अपलोड केल्यावर तोच सीव्ही पुन्हा चौकटीचौकटीत टाइप करायला लावतात. हे कशासाठी? संशोधकाला १६ अंकी ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख) २०१२ पासून मिळतोय, त्यावर त्याचे पेपर, नोकऱ्या, पदव्या नोंदवता येतात, पोर्टलने तिथून उचलाव्यात. मशीनने करायचं काम ते हे.

आणि समित्यांनी आपल्या बाजूने मशीन लावायची घाई करू नये. अर्ज खूप आले म्हणून सॉफ्टवेअरने चाळायचे हे सुरू झालं तर एका बाजूला मशीन लिहिणार, दुसऱ्या बाजूला मशीन वाचणार आणि मधे माणसाचं आयुष्य. युरोपियन युनियनने २०२४ च्या कायद्यात भरतीसाठी अर्ज गाळणाऱ्या एआय यंत्रणांना उच्च जोखमीच्या वर्गात टाकलंय, ते योग्यच केलं. जाहिरातीत एक ओळ लिहा की पत्रं माणूस वाचणार आहे, आणि मग खरंच वाचा. मी त्या समितीत वाचणं सोडलं याची मला लाज वाटते आणि म्हणूनही हे लिहितेय.

जाता जाता एक काम झालं ते सांगते. माझी जुनी स्क्रिप्ट मी यंदा एका विद्यार्थ्याला दिली, तो पहिल्यांदाच अर्ज करतोय. देताना तिच्यात एक रकाना वाढवला, "इथेच का" असा. तो रिकामा असेल तर पीडीएफ बनत नाही. त्यातला मजकूर दुसऱ्या ओळीतल्या मजकुराशी फार जुळत असेल तरी बनत नाही. त्याने सुरुवातीला ७० ओळींची यादी केली होती. महिनाभर रोज संध्याकाळी एक-दोन विभाग वाचत बसला, आणि ३२ ओळींत तो रकाना त्याला भरताच आला नाही, लिहायला बसला की म्हणायचा मॅडम, इथे मला काय करायचंय तेच सापडत नाही. त्या ३२ त्याने काढून टाकल्या. उरलेल्या ३८ पैकी ३४ गेले, चार राहिलेत, त्यांची डेडलाइन शुक्रवारी आहे आणि त्यातल्या एका विभागाच्या अभ्यासक्रमाची मागच्या वर्षीची यादी तो अजून शोधतोय.

आपली नम्र,
एक संशोधक आणि शिक्षिका
(नाव छापू नये ही विनंती)